मॅक संगणकावरील विंडोज आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या समस्या

ॲपल कंपनीच्या मॅक संगणकावर मायक्रोसॉफ्टची विंडोज ही कार्यप्रणाली चालवली असता पडद्यावरील चित्र निर्माण करणारी ग्राफिक्स चिप आणि विंडोज यांचा मेळ न बसल्यामुळे ज्या अडचणी उद्भवतात, त्यांना ग्राफिक्स ड्रायव्हरच्या समस्या असे म्हणतात. पडदा अचानक काळा होणे, अक्षरे व चित्रे ठसठशीत न दिसणे, पडद्याची उजळता कमी-जास्त न होणे, त्रिमितीय रेखाटनाचे सॉफ्टवेअर किंवा खेळ मध्येच बंद पडणे ही त्यांची नेहमीची लक्षणे होत. २००६ पासून विकल्या गेलेल्या, इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकवर विंडोज थेट बसवता येते. त्यामुळे या समस्या प्रामुख्याने त्याच संगणकांवर आढळतात. ॲपलने स्वतःचे प्रोसेसर वापरण्यास प्रारंभ केल्यानंतरच्या मॅकवर विंडोज थेट बसवता येत नाही आणि तेथे प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे.

ड्रायव्हरचे कार्य

संगणकातील प्रत्येक यंत्रभागाची स्वतःची भाषा असते. कार्यप्रणालीला ती ठाऊक नसते. ड्रायव्हर ही या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली होय. छापयंत्राचा किंवा ध्वनीचा ड्रायव्हर सदोष असला तर तेवढेच काम अडते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला तर मात्र वापरकर्त्याला काही दिसेनासे होते आणि बिघाड दुरुस्त करण्याचे साधनच हातातून जाते. म्हणूनच या एका ड्रायव्हरची चर्चा इतर सर्वांपेक्षा अधिक होते.

योग्य ड्रायव्हर न मिळाल्यास विंडोज आपल्याजवळचा एक सर्वसाधारण ड्रायव्हर वापरते. विंडोज ८ पासून त्याचे नाव मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असे आहे. त्याने पडद्यावर चित्र उमटते, परंतु चिपच्या वेगाचा व त्रिमितीय क्षमतेचा उपयोग होत नाही. २०१२ च्या जून महिन्यात आलेल्या रेटिना मॅकबुक प्रोच्या पडद्यावर २८८० × १८०० बिंदू आहेत; अशा पडद्यावर सर्वसाधारण ड्रायव्हरचे चित्र ओबडधोबड दिसते. नवीन विंडोज बसवल्यावर पहिल्या काही मिनिटांत असे दिसणे स्वाभाविक आहे. ॲपलचे ड्रायव्हर बसवल्यानंतरही तसेच राहिले, तरच तो दोष मानावा.

पूर्वपीठिका

ॲपलचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ६ जून २००५ रोजी मॅकमध्ये पॉवरपीसीऐवजी इंटेलचे प्रोसेसर वापरण्याचा निर्णय जाहीर केला. १० जानेवारी २००६ रोजी असे पहिले संगणक, आयमॅक आणि मॅकबुक प्रो, बाजारात आणल्याची घोषणा झाली. इतर वैयक्तिक संगणकांप्रमाणेच इंटेलचा प्रोसेसर असल्यामुळे या मॅकवर विंडोज चालेल अशी अपेक्षा अनेकांनी बाळगली. पण विंडोज एक्सपी सुरू होण्यासाठी बायोस या जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरची आवश्यकता होती आणि मॅकमध्ये ईएफआय हे नवे फर्मवेअर होते. ही अडचण जो दूर करील त्याच्यासाठी हौशी वापरकर्त्यांनी वर्गणी काढून १३,००० डॉलरहून अधिक रकमेचे बक्षीस जमवले. मार्च २००६ मध्ये ते दोघा हौशी तंत्रज्ञांनी जिंकले. विंडोज सुरू झाली, मात्र एटीआय रेडिऑन एक्स१६०० या चिपसाठी वेगवान ड्रायव्हर त्या उपायात नव्हता. म्हणजे मॅकवरील विंडोज जन्मली तीच ग्राफिक्स ड्रायव्हरची उणीव घेऊन.

५ एप्रिल २००६ रोजी ॲपलने बूट कॅम्प या आज्ञावलीची चाचणी आवृत्ती खुली केली. फर्मवेअरमध्ये बायोसचे अनुकरण करणारा भाग, डिस्कचे विभाजन करणारे साधन आणि विंडोजसाठीचे ड्रायव्हर अशी तिची तीन अंगे होती. २६ ऑक्टोबर २००७ रोजी आलेल्या मॅक ओएस एक्स १०.५ या आवृत्तीपासून बूट कॅम्प हा मॅकच्या कार्यप्रणालीचा अधिकृत भाग झाला. पुढे विंडोज ७, ८ आणि १० यांसाठी त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

एका चिपचे तीन धनी

सर्वसाधारण संगणकावर ग्राफिक्स ड्रायव्हरची जबाबदारी बहुतांशी चिप बनवणाऱ्या कंपनीकडे असते. मॅकवरील विंडोजच्या बाबतीत ती तिघांत विभागली गेली आहे. चिप आणि तिच्या ड्रायव्हरचा गाभा एएमडी, एनव्हिडिया किंवा इंटेल यांचा. तो ड्रायव्हर विशिष्ट मॅकसाठी पारखून बूट कॅम्पमधून देण्याचे काम ॲपलचे. आणि ज्या कार्यप्रणालीत तो चालायचा ती मायक्रोसॉफ्टची. यांपैकी प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे. मायक्रोसॉफ्ट विंडोजमध्ये वरचेवर बदल करते, चिप उत्पादक नवे ड्रायव्हर सातत्याने काढतात, आणि ॲपलला आपला ग्राहक मुळात दुसऱ्याच्या कार्यप्रणालीत रमावा असे वाटण्याचे काही कारण नाही. परिणामी बूट कॅम्पमधील ड्रायव्हर अनेकदा मागे राहिले. पुढे वर्णिलेल्या बहुतेक समस्यांचे मूळ या विभागणीत आहे.

उत्पादकाच्या संकेतस्थळावरील नवा ड्रायव्हर घेऊन तो मॅकवर बसवणे हा मार्ग सरळ वाटतो, पण तेथे अडथळा येतो तो ओळखक्रमांकाचा. प्रत्येक ग्राफिक्स चिपवर उत्पादकाचा क्रमांक असतो: एएमडीचा १००२, एनव्हिडियाचा १०डीई, इंटेलचा ८०८६. (इंटेलने येथे आपल्या गाजलेल्या जुन्या प्रोसेसरचे नावच क्रमांक म्हणून घेतले आहे.) त्यापुढे संगणक बनवणाऱ्या कंपनीचा उपक्रमांक असतो, ॲपलचा तो १०६बी. ड्रायव्हरसोबत येणाऱ्या आयएनएफ या मजकूरवजा फाइलमध्ये तो ड्रायव्हर ज्यांच्यासाठी आहे त्या क्रमांकांची यादी असते. त्या यादीत ॲपलचा उपक्रमांक नसेल तर चिप तीच असूनही ‘सुसंगत यंत्रभाग आढळला नाही’ अशा आशयाची सूचना देऊन बसवणी थांबते. संगणक नादुरुस्त असल्याची समजूत या सूचनेमुळे होते, ती चुकीची आहे.

काही जाणकार वापरकर्ते आयएनएफ फाइलमध्ये आपल्या मॅकचा क्रमांक घालून हा अडथळा ओलांडतात. परंतु फाइलमध्ये एका अक्षराचाही बदल झाला की ड्रायव्हरवरील डिजिटल स्वाक्षरी अवैध ठरते. ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर वैध स्वाक्षरी असणे अनिवार्य आहे. ती तपासणी बंद केली तर संगणकाच्या सुरक्षिततेचे एक दार उघडे राहते. अनोळखी ठिकाणाहून घेतलेले, कोणी बदललेले ड्रायव्हर वापरताना हा धोका ध्यानात घ्यावा लागतो. एएमडीने पुढे बूट कॅम्पसाठीचे स्वतंत्र ड्रायव्हर आपल्याच संकेतस्थळावर ठेवण्यास प्रारंभ केला, त्यामुळे तिच्या चिप असलेल्या नंतरच्या मॅकपुरता हा प्रश्न काहीसा सौम्य झाला.

लक्षणे आणि त्यांची कारणे

सर्वांत भयावह वाटणारे लक्षण म्हणजे विंडोज बसवतानाच पडदा काळा होणे. २००९ च्या अखेरीस आलेल्या २७ इंची आयमॅकवर विंडोज ७ बसवणाऱ्यांना हा अनुभव आला. विंडोज ७ सोबतच येणारा एटीआयचा ड्रायव्हर पहिल्या पुनरारंभानंतर आपोआप कार्यान्वित होई आणि पडदा विझे. संगणक चालू असे, पंखा फिरत असे, दिसत मात्र काही नसे. बसवणीच्या तबकडीवरून आज्ञापटल उघडून एटीआयकेएमडीएजी.एसवायएस ही ड्रायव्हरची फाइल काढून टाकणे, त्यानंतर सर्वसाधारण ड्रायव्हरवर विंडोज सुरू करून ॲपलचा ड्रायव्हर बसवणे, असा उपाय तेव्हा रूढ झाला.

जुन्या मॅकवर ईएफआय पद्धतीने विंडोज ७ सुरू करू पाहणाऱ्यांचा पडदाही काळाच राहतो, पण त्याचे कारण वेगळे आहे. विंडोज ७ ला सुरुवातीचे चित्र उमटवण्यासाठी बायोसमधील जुन्या व्हिडिओ सेवेची गरज भासते, आणि ईएफआय पद्धतीत ती उपलब्ध नसते. विंडोज ८ पासून ही अट उरली नाही. वरवर एकच दिसणारे लक्षण दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकते, हे येथे स्पष्ट होते. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

काही वेळा पडदा क्षणभर विझून पुन्हा उजळतो आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले व तो पूर्ववत झाला’ अशा अर्थाची सूचना येते. विंडोज ग्राफिक्स चिपच्या उत्तराची ठरावीक काळ वाट पाहते; मूळ मांडणीत ही मुदत २ सेकंदांची असते. तेवढ्यात उत्तर न आल्यास ड्रायव्हर नव्याने सुरू केला जातो. जुना ड्रायव्हर, अतिउष्णता किंवा चिपचा स्वतःचा दोष यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स चिपच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसत असेल तर त्यासोबतचा संकेतांक उपयोगी पडतो. संकेतांक ४३ म्हणजे यंत्रभागाने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने तो थांबवला आहे. संकेतांक १२ म्हणजे त्या भागाला आवश्यक ती स्मृतीतील जागा मिळालेली नाही. थंडरबोल्ट जोडणीतून बाहेरील ग्राफिक्स चिप जोडणाऱ्यांना हा दुसरा संकेतांक वारंवार भेटतो. ॲपलने २०१८ मध्ये मॅकओएसमध्ये अशा बाह्य चिपला अधिकृत स्थान दिले, बूट कॅम्पमधील विंडोजला ते कधीच दिले नाही.

यांखेरीज एक उपद्रव असा की, सर्व सुरळीत चालू असताना विंडोज अपडेट स्वतःहून ग्राफिक्स ड्रायव्हर बदलते. बदललेला ड्रायव्हर चिपला योग्य असतो, मॅकच्या पडद्याच्या जोडणीला असेलच असे नाही. उजळतेच्या कळा निकामी होणे किंवा झोपेतून जागा केल्यावर पडदा न उजळणे असे प्रकार मग सुरू होतात. काल चाललेला संगणक आज का चालत नाही, याचे उत्तर बहुधा विंडोज अपडेटच्या नोंदवहीत सापडते.

दोन ग्राफिक्स चिप असलेले मॅकबुक प्रो

ऑक्टोबर २००८ पासूनच्या अनेक १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत. एक कमी वीज वापरणारी, दुसरी शक्तिशाली. मॅकओएसमध्ये कामाच्या गरजेनुसार त्यांची अदलाबदल होते. मॅकवर विंडोज सुरू होत असल्याचे दिसताच मात्र ॲपलचे फर्मवेअर कमी विजेची चिप झाकून ठेवते, त्यामुळे विंडोजला केवळ शक्तिशाली चिप दिसते. साधा मजकूर टंकलिखित करतानाही तीच चालू राहते. बॅटरी लवकर संपते, संगणक तापतो आणि पंख्याचा आवाज वाढतो. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी बॅटरीच्या भरवशावर अभ्यास करणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. हा ड्रायव्हरचा दोष नव्हे, ॲपलने केलेली रचनाच तशी आहे, म्हणून ड्रायव्हर बदलून त्यात फरक पडत नाही.

ड्रायव्हरचा दोष की चिपचा

जुना मॅक वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत खर्चिक ठरू शकतो. ड्रायव्हरचा दोष विनामूल्य दूर होतो, चिपच्या दोषासाठी मुख्य फलक बदलावा लागतो आणि तो खर्च कित्येकदा जुन्या संगणकाच्या किमतीइतका असतो.

काही मॉडेलांतील चिप मुळातच सदोष होत्या. २००७ व २००८ च्या मॅकबुक प्रोमधील एनव्हिडिया जीफोर्स ८६००एम जीटी या चिपच्या बांधणीतील दोष एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये मान्य केला, आणि ॲपलने त्या संगणकांची विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. २०११ च्या १५ व १७ इंची मॅकबुक प्रोमधील एएमडीच्या चिपबाबतही तक्रारी वाढल्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲपलने दुरुस्तीची योजना आणली. या योजनांच्या मुदती केव्हाच संपल्या आहेत, ते संगणक मात्र जुन्या बाजारात अजून फिरत असतात.

दोष ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. तोच संगणक मॅकओएसमध्ये सुरू करून शक्तिशाली चिपला काम पडेल असे काही चालवावे. रेघा, चौकटी किंवा रंगांचे डाग तेथेही दिसले, अथवा संगणक चालू करताना ॲपलचे चिन्ह उमटतानाच पडदा विस्कटला, तर विंडोजच्या ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. मॅकओएसमध्ये सर्व ठीक असून विंडोजमध्येच गडबड होत असेल तर संशय प्रथम ड्रायव्हरवर घ्यावा. ही परीक्षा करण्यासाठी मॅकओएस संगणकावर असावी लागते. संपूर्ण डिस्क पुसून केवळ विंडोज ठेवण्याची प्रथा या कारणाने गैरसोयीची आहे.

उपाययोजना

पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा ठरणारा उपाय म्हणजे त्या विशिष्ट मॉडेलसाठीचे ॲपलचे ड्रायव्हर नव्याने बसवणे. मॅकओएसमधील बूट कॅम्प असिस्टंटच्या ॲक्शन सूचीतून विंडोजसाठीचे साहाय्यक सॉफ्टवेअर उतरवता येते. ते त्या मॅकला अनुरूप असेच येते. दुसऱ्या मॉडेलचा संच मित्राकडून आणून बसवण्याने अडचणी वाढतात. विंडोजमध्ये बसणाऱ्या ॲपल सॉफ्टवेअर अपडेटमधूनही ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सुधारित आवृत्त्या आलेल्या आहेत.

जुन्या ड्रायव्हरचे अवशेष नव्याशी भांडत असतील तर विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून जुना ड्रायव्हर समूळ काढावा लागतो. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर ही विनामूल्य आज्ञावली त्यासाठी प्रसिद्ध आहे. ती चालवण्यापूर्वी आंतरजालाची जोडणी तोडणे आवश्यक असते, अन्यथा विंडोज अपडेट रिकामी जागा पाहून आपला ड्रायव्हर तत्काळ आणून बसवते. बिघाड नुकताच झाला असल्यास डिव्हाइस मॅनेजरमधील रोल बॅक ड्रायव्हर या कळीने पूर्वीच्या आवृत्तीकडे परतणे पुरते. कोणताही प्रयोग करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी, कारण पडदा काळा झाल्यावर ती काढणे अवघड जाते.

मराठी वापरकर्त्यांच्या संदर्भात

महाराष्ट्रात संगणकसाक्षरतेचा पाया विंडोजवर घातला गेला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा २००१ च्या सुमारास सुरू झालेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवर आधारलेला असून शासकीय नोकऱ्यांसाठी तो अनेकांनी पूर्ण केला. मराठी टंकलेखन व मुद्रणपूर्व कामासाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विकसित केलेले आयएसएम हे सॉफ्टवेअर, हिशेबासाठीचे टॅली, अभियांत्रिकी रेखाटनासाठीचे सॉलिडवर्क्स आणि वास्तुरचनेचे रेव्हिट ही सर्व विंडोजवरच चालतात. घरात किंवा कार्यालयात मॅक आला तरी विंडोज सुटत नाही, ते या कारणांनी.

या सर्व कामांना ग्राफिक्स ड्रायव्हर सारखाच महत्त्वाचा नाही. टॅली किंवा मराठी टंकलेखन सर्वसाधारण ड्रायव्हरवरही चालते. अंबरनाथ, डोंबिवली किंवा पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला सॉलिडवर्क्ससारखे सॉफ्टवेअर शिकायचे असेल तर मात्र ड्रायव्हरचा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे उत्पादक ठरावीक व्यावसायिक ग्राफिक्स चिप आणि त्यांचे ठरावीक ड्रायव्हर यांनाच प्रमाणित करतात. बहुतेक मॅकमधील चिप त्या यादीत नसल्यामुळे रिअलव्ह्यू हे वास्तवसदृश चित्रणाचे अंग तेथे बंद राहते. रेखाटन करता येते, परंतु मोठ्या जुळणीचे आराखडे संथ हलतात.

रेटिना पडद्यावर जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधील अक्षरे पुसट दिसतात, अशी तक्रारही ऐकू येते. दाट बिंदूंच्या पडद्यासाठी न लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे चित्र विंडोज ताणून मोठे करते. रोमन लिपीत ते खपून जाते; देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे बारीक भाग एकमेकांत मिसळतात. हा ड्रायव्हरचा दोष नाही. त्या सॉफ्टवेअरच्या गुणधर्मांतील उच्च डीपीआयची मांडणी बदलून पाहणे हा त्यावरील उपाय होय. त्याने अक्षरे लहान पण रेखीव होतात.

आभासी यंत्र

पॅरलल्स डेस्कटॉप किंवा व्हीएमवेअर फ्यूजन यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ही मॅकओएसच्या आत, आभासी यंत्रावर चालते. येथे विंडोजला खरी ग्राफिक्स चिप दिसतच नाही. तिला एक काल्पनिक चिप दाखवली जाते व तिचा ड्रायव्हर ते सॉफ्टवेअरच पुरवते. विंडोजच्या डायरेक्टएक्स या आज्ञा ॲपलच्या मेटल या व्यवस्थेत भाषांतरित होतात. त्यामुळे चिप उत्पादक आणि ॲपल यांच्या ड्रायव्हरांतील विसंगती नाहीशी होते. भाषांतरात वेग काहीसा घटतो आणि ओपनजीएलच्या अद्ययावत सुविधा मागणारी काही सॉफ्टवेअर अडखळतात. कार्यालयीन कामासाठी बूट कॅम्पपेक्षा हाच मार्ग अधिक निर्धोक आहे.

ॲपल सिलिकॉन आणि नंतरची स्थिती

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ ही स्वतःची चिप असलेले मॅक आणले. त्यांवर बूट कॅम्प नाही. ॲपलच्या ग्राफिक्स चिपसाठी विंडोजचा ड्रायव्हर कोणीही तयार केलेला नाही. लिनक्ससाठी मात्र असाही लिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पाने चिपचा अभ्यास करून तो लिहिला आहे. एआरएम प्रोसेसरसाठीची विंडोज ११ आभासी यंत्रावर चालते आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॅरलल्सवरील तिच्या वापरास अधिकृत मान्यता दिली. इंटेलसाठी लिहिलेली सामान्य सॉफ्टवेअर तेथे भाषांतराने चालतात. ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत, म्हणून डोंगलच्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेले जुने सॉफ्टवेअर त्या मॅकवर निरुपयोगी ठरू शकते.

इंटेल मॅकच्या बाबतीत तिन्ही धनी एकेक करून मागे सरकले आहेत. एएमडीने नोव्हेंबर २०१५ मध्ये रेडिऑन एचडी ५००० व ६००० मालिकांच्या चिप जुन्या ठरवल्या, तर एनव्हिडियाने २०१२ ते २०१४ च्या मॅकमध्ये असलेल्या केप्लर पिढीच्या लॅपटॉप चिपसाठी नियमित ड्रायव्हर २०१९ मध्ये थांबवले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते आणि बूट कॅम्प त्या आवृत्तीला अधिकृतपणे ओळखत नाही. ती अट चुकवून विंडोज ११ बसवणारे वापरकर्ते विंडोज १० चेच ग्राफिक्स ड्रायव्हर तेथे वापरतात. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले आहे. आपल्या मॉडेलसाठीचा बूट कॅम्पचा ड्रायव्हर संच उपलब्ध आहे तोवर उतरवून बाहेरील डिस्कवर जतन करणे अशा संगणकाच्या मालकाला सहज शक्य आहे.